जुन्या क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि दाव्याची मुदत: पुण्यातून वारंवार येणारे प्रश्न

खालचे प्रश्न पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आसपासच्या तालुक्यांतून सतत येणाऱ्या विचारणांमधून घेतले आहेत. नावं, बँका काढून टाकल्या आहेत, एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. हातात न्यायालयाचं समन्स असेल तर आधी थेट प्रश्न 9 वाचा, बाकीचं नंतर.

1. क्रेडिट कार्डाची थकबाकी तीन वर्षांनी संपते म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. संपते ती दावा लावण्याची मुदत, देणं नाही. 1963 च्या मुदत कायद्यानुसार (कोर्टाच्या आवारात त्याला सगळे लिमिटेशन ॲक्टच म्हणतात) कार्डाच्या पैशांसारख्या दाव्याला तीन वर्षं मिळतात. त्यानंतर लावलेला दावा कलम 3 प्रमाणे फेटाळावाच लागतो, तुम्ही तो मुद्दा काढला नसला तरी. दाव्याला विलंबमाफीही नाही. कलम 5 मधली उशीर माफ करण्याची सोय अपिलांसाठी आणि अर्जांसाठी आहे.

देणं मात्र तसंच राहतं. बँक ते मागू शकते, तडजोडीचा प्रस्ताव पाठवू शकते, आणि तुम्ही आपखुशीने भरलेले पैसे "मुदत संपली होती" म्हणून परत मागता येत नाहीत. "तीन वर्षं गप्प बसा, सगळं माफ" असं सांगणारे व्हिडिओ भरपूर फिरतात. त्यात या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल चकार शब्द नसतो.

2. तीन वर्षं नेमकी कुठल्या तारखेपासून मोजायची?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. गृहकर्जाला हप्त्याची ठरलेली तारीख असते. कार्डाचं खातं चालू असतं: खरेदी, भरणा, व्याज, पुन्हा खरेदी. त्यामुळे कायद्याच्या परिशिष्टातला कोणता अनुच्छेद लावायचा यावर युक्तिवाद होतात. करारभंग धरला तर ज्या देय तारखेला मिनिमम ड्यू भरला नाही तिथून घड्याळ सुरू होतं. बँकेचे वकील कधी कधी दोन्ही बाजूंच्या चालू खात्याचा अनुच्छेद पुढे करतात. त्यात शेवटची नोंद ज्या हिशेबी वर्षात पडली, ते वर्ष संपल्यापासून मोजणी होते, म्हणजे बँकेला काही महिने जास्त मिळतात.

घरी हिशेब करताना स्वतःला झुकतं माप देऊ नका. शेवटची खरेदी, शेवटचा भरणा आणि पहिली चुकलेली देय तारीख या तिन्हींपैकी जी सर्वांत अलीकडची असेल ती धरा. तिच्यापासून तीन वर्षं उलटून वर आणखी एक हिशेबी वर्ष गेलं असेल, तर तुमचा मुद्दा भक्कम आहे. दोन-चार महिन्यांचाच फरक असेल, तर स्टेटमेंटं घेऊन वकिलाकडे जा.

दोन तारखा उगाच चर्चेत येतात. खातं एनपीए झाल्याची तारीख (मिनिमम ड्यू देय तारखेनंतर 90 दिवस थकला की होतं ते) आणि बँकेने रक्कम "राइट ऑफ" केल्याची तारीख. दोन्ही बँकेच्या हिशेबाच्या सोयीच्या आहेत. त्यांच्यापासून मुदत नव्याने सुरू होत नाही.

एक बारकावा: शेवटचा दिवस न्यायालयाच्या सुट्टीत पडला तर कलम 4 प्रमाणे न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. मुदत उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत संपत असेल, तर हे आठवणीत ठेवा.

3. मधली कोरोनाची वर्षं धरायची की सोडायची?

सोडायची. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात 10 जानेवारी 2022 ला आदेश दिला, की 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळावा. 15 मार्च 2020 ला जितकी मुदत शिल्लक होती, तितकी 1 मार्च 2022 पासून पुढे मिळाली.

उदाहरण घेऊ. घड्याळ 10 ऑक्टोबर 2018 ला सुरू झालं. साध्या हिशेबाने मुदत 10 ऑक्टोबर 2021 ला संपली असती. वगळलेले 716 दिवस मिळवले की ती सप्टेंबर 2023 च्या शेवटच्या आठवड्यात जाते. ज्याचं कार्ड जून 2020 मध्ये थकलं, त्याची तीन वर्षं तर 1 मार्च 2022 लाच सुरू झाली आणि फेब्रुवारी 2025 अखेर संपली. लॉकडाउनमध्ये नोकरी गेली आणि कार्ड थकलं असे कितीतरी लोक 2023 मध्येच "सुटलो" म्हणून निर्धास्त झाले. त्यांनी हा हिशेब पुन्हा करावा.

15 मार्च 2020 च्या आधीच मुदत संपलेली असेल, तर या आदेशाने ती जिवंत होत नाही.

4. बँक दर महिन्याला व्याज लावून स्टेटमेंट पाठवते, वकिलाची नोटीसही आली. त्याने मुदत वाढते का?

नाही. बँकेने आपल्याच वहीत केलेल्या नोंदींनी किंवा पाठवलेल्या कागदांनी बँकेचीच मुदत वाढत नाही. मुदत वाढते ती तुमच्या कृतीने. ती कशी, ते पुढच्या तीन प्रश्नांत.

5. फोनवर "हो, देणं आहे, बघतो" म्हणालो. आता मुदत पुन्हा सुरू झाली का?

नुसत्या बोलण्याने नाही. कलम 18 ला लेखी आणि सही केलेली कबुली लागते, आणि तीही मूळ मुदत संपायच्या आत दिलेली. तशी कबुली दिली की त्या तारखेपासून पुन्हा पूर्ण तीन वर्षं.

पण "लेखी कबुली" म्हणजे स्टॅम्पपेपरवरचं काही, अशी समजूत असेल तर ती काढून टाका. कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय, की देण्याचं नेमकं स्वरूप लिहिलेलं नसलं तरी, सोबत पैसे द्यायला नकार असला तरी, पत्र बँकेला सोडून भलत्याच माणसाला लिहिलेलं असलं तरी ती कबुलीच. म्हणून हे वाक्य धोक्याचं:

"माझ्या कार्डाची थकबाकी आहे हे मला मान्य आहे, पण तुम्ही लावलेलं व्याज अन्यायकारक असल्याने मी एक पैसाही देणार नाही."

लिहिणाऱ्याला वाटतं आपण बँकेला ठणकावलं. प्रत्यक्षात त्याने बँकेला तीन वर्षं भेट दिली.

ईमेलमधून दिलेल्या कबुल्या न्यायालयांनी ग्राह्य धरल्या आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे इलेक्ट्रॉनिक कागदाला कागदाचाच दर्जा आहे. तेव्हा व्हॉट्सॲपवर "सर, पुढच्या महिन्यात नक्की करतो" असं टाइप करण्याआधी थांबा. वसुलीवाला फोन सोडून "जरा मेसेज करून ठेवा ना" म्हणतो, तो उगाच नाही.

6. वसुलीवाला म्हणतो, "फक्त पाचशे रुपये टाका, फाइल होल्डवर ठेवतो." टाकू का?

मुदत चालू असेल तर हे पाचशे रुपये महागात पडू शकतात. कलम 19 प्रमाणे मुदतीच्या आत काही रक्कम भरली की भरल्याच्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. अट एवढीच, की त्या भरण्याची नोंद भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या कागदावर हवी. यूपीआयने पाठवलेल्या पैशांना ही अट कशी लावायची, यावर वकिलांना भांडू दे. तुम्ही आपल्या पाचशे रुपयांनी ते भांडण ओढवून घेऊ नका.

मुदत आधीच संपली असेल, तर केवळ थोडी रक्कम भरल्याने ती पुन्हा जिवंत होत नाही. पैसे मात्र गेलेलेच. शिवाय त्यासोबत कुठल्या फॉर्मवर सही केली असेल तर गोष्ट वेगळी, पुढचा प्रश्न पाहा.

आणि "फाइल होल्डवर" असा काही प्रकार कायद्यात नाही.

7. मुदत संपून गेल्यावर सेटलमेंटच्या कागदावर सही केली. त्याला काही अर्थ आहे का?

आहे, आणि तो कबुलीपेक्षा जड आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 25(3) सांगतं, की मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन हा नवा, अमलात आणता येणारा करार आहे. म्हणजे प्रश्न 5 मधली साधी कबुली मुदतीनंतर निरुपयोगी असते, पण "मी अमुक रक्कम इतक्या हप्त्यांत देईन" हे वचन मुदतीनंतरही बांधून घालतं. सही केलेल्या कागदात "देणं आहे" एवढंच आहे की "देईन" असंही आहे, हे शब्द न् शब्द वाचा. छापील फॉर्ममध्ये दुसरा प्रकार असतो, असं धरूनच चाला.

पुढच्या तारखेचे चेक दिले असतील तर आणखी सावध राहा. मुदतबाह्य देण्यापोटी दिलेला चेक हेच 25(3) खालचं वचन ठरतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2012 साली म्हटलं आहे. म्हणजे तो चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 चा फौजदारी खटला उभा राहू शकतो. बँकेकडून चेक परत आल्याची खबर मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे भरायला 15 दिवस, न भरल्यास त्यानंतर एका महिन्यात तक्रार, असा त्याचा क्रम आहे. एका जुन्या दिवाणी देण्याचं फौजदारी प्रकरण होतं ते असं.

8. वकिलाची नोटीस आली आहे. उत्तर द्यावं की दुर्लक्ष करावं?

उत्तर द्यावं, पण मोजकं. असं काहीसं:

"आपली अमुक तारखेची नोटीस मिळाली. कोणतीही देयता मान्य न करता कळवतो, की नोटिशीतील मागणी नाकारण्यात येत आहे. आपला दावा असल्यास तो मुदतबाह्य आहे. कराराची प्रत, सुरुवातीपासूनची स्टेटमेंटं आणि शेवटच्या भरण्याचा पुरावा पाठवावा."

स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. नोकरी कशी गेली, आईचं आजारपण, शाळेची फी, यातलं काही लिहू नका. ते सगळं खरं असेल, पण अशाच मजकुरात "म्हणून पैसे भरता आले नाहीत" हे वाक्य सहज येतं, आणि मुदत चालू असेल तर तीच कबुली.

9. समन्स आलंय, पण मुदत कधीच संपली आहे. मग गेलो नाही तरी चालेल ना?

नाही, अजिबात नाही. कलम 3 मुळे न्यायालयाने मुदत स्वतः तपासायला हवी हे खरं, पण ते तपासतं बँकेने मांडलेल्या तारखांवर. शेवटचा भरणा 2016 चा असताना दाव्यात 2019 लिहिलं असेल, तर ते खोडायला समोर कोण? तुमची खुर्ची रिकामी असली की एकतर्फी हुकूमनामा (तुमची बाजू न ऐकता दिलेला निकाल) होतो, आणि मग तीन वर्षांचा प्रश्न संपून बारा वर्षांचा सुरू होतो (प्रश्न 12).

काय करायचं ते सांगतो. समन्सवर दाव्याचा प्रकार पाहा. साधा दावा असेल तर समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत (दाव्याला तुमचं उत्तर) द्यायची असते, न्यायालय कारणं नोंदवून ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. "ऑर्डर 37" किंवा "समरी सूट" (झटपट निकालाचा दावा) असं लिहिलं असेल तर घाई करा. तिथे हजर होण्याची नोंद करायलाच फक्त 10 दिवस आहेत, नंतर बचावाची परवानगी मागायला पुन्हा 10. परवानगीच्या अर्जात मुदतीचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात, स्टेटमेंट जोडून मांडा.

बहुतेक दावे शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात किंवा पिंपरीत चालतात. 20 लाखांवरची मागणी बँक कर्जवसुली न्यायाधिकरणात नेते, पुण्यातही ते आहे आणि तिथेही मुदत कायदा लागू होतो.

समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, भाड्याची जागा सोडून तुम्ही वाकडहून हडपसरला आलात, आणि हुकूमनामा झाल्याचं आत्ता कळलं? तर एकतर्फी हुकूम रद्द करण्याचा अर्ज करता येतो. समन्स रीतसर बजावलंच नव्हतं तर कळल्यापासून 30 दिवस. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुणे जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. जुनी थकबाकी असलेल्याने अधूनमधून स्वतःचं नाव तिथे टाकून पाहावं. पाच मिनिटांचं काम आहे.

10. लोकअदालतीची नोटीस आली. नाही गेलो तर वॉरंट निघेल असं एजंट म्हणतो.

खोटं. राष्ट्रीय लोकअदालतीत दावा लागण्याआधीची प्रकरणं ठेवली जातात, त्यांची ही नोटीस असते. तिथे दोघांची संमती असेल तरच निवाडा होतो. गैरहजर राहिल्याने तुमच्याविरुद्ध हुकूम होत नाही.

जायला हरकत नाही, कधी कधी बँका तिथे घसघशीत सूट देतात. फक्त एक लक्षात ठेवा: तिथे सही केलेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नाही. मुदतबाह्य झालेलं देणं एका सहीत हुकूमनामा होऊन बसतं. मंडपातल्या गर्दीत, "लवकर करा, पुढचा नंबर" अशा घाईत सही करू नका. रक्कम तारखेला भरता येणार असेल तरच करा.

11. चेन्नईहून कुणा लवादाचं पत्र आलं. मी तर कधी चेन्नईला गेलो नाही!

कार्डाच्या करारात बारीक अक्षरात लवादाचं कलम असेल तर असं पत्र येतं. 1996 च्या लवाद कायद्याचं कलम 43 मुदत कायदा लवादालाही लावतं, तेव्हा तीन वर्षांचा मुद्दा इथेही चालतो. प्रकरण लवादाकडे सोपवण्याची मागणी तुम्हाला मिळाली, तो दिवस कार्यवाही सुरू झाल्याचा धरतात.

दुसरा मुद्दा तितकाच मोठा आहे. लवाद एकट्या बँकेने नेमला असेल तर ती नेमणूकच वादात येते. ज्याला निकालात स्वारस्य आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात म्हटलं. लेखी हरकत घ्या, मुदत आणि नेमणूक दोन्हींवर, ईमेलने आणि पोस्टानेही. निवाडा झालाच तर प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो रद्द करण्याचा अर्ज करायचा. त्यावर फार तर 30 दिवसांची सवलत मिळते, त्यापुढे एक दिवसही नाही.

12. हुकूमनामा 2015 चा आहे. आता तीन वर्षं संपली म्हणून बँकेला काही करता येणार नाही ना?

येतं. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला, म्हणजे आपल्याकडे ज्याला "दरखास्त" म्हणतात तिला, बारा वर्षं असतात.

दरखास्तीत पगार जप्त होऊ शकतो, पण सगळा नाही. पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांश भागाला हात लावता येत नाही. 46,000 पगार धरला तर जास्तीत जास्त 15,000. एकाच हुकूमनाम्यापोटी अशी जप्ती एकूण 24 महिने झाली की पुढे त्या हुकूमनाम्यासाठी पगार मोकळा. प्रॉव्हिडंट फंडाला संरक्षण आहे. तुरुंगाची भीती घातली जाते, तर दोन गोष्टी माहीत असू द्या. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. आणि 1980 च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की ज्याच्याकडे द्यायला खरंच नाही त्याला केवळ त्या कारणाने तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून दडवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

13. मी कंपनीतर्फे चार वर्षं अमेरिकेत होतो. तो काळ मोजायचा का?

हिंजवडी, खराडीच्या मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर ऐकून चेहरे पडतात. कलम 15(5) प्रमाणे प्रतिवादी भारताबाहेर असल्याचा काळ मुदतीतून वगळला जातो. कार्ड 2016 च्या सुरुवातीला थकलं, सहा महिन्यांनी तुम्ही गेलात आणि 2020 च्या जानेवारीत परतलात, तर तोवर मुदतीतले फक्त सहा महिने खर्च झाले. मग प्रश्न 3 मधला कोरोनाचा काळही वगळायचा. अशा हिशेबात 2016 ची थकबाकी 2024 मध्येही दाव्याच्या टप्प्यात राहते.

परदेशात असल्याचं बँकेने दाव्यात मांडावं आणि सिद्ध करावं लागतं. पण लिंक्डइनवर सगळं लिहून ठेवलेल्या माणसाच्या बाबतीत ते फार अवघड नाही. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन बसा आणि आधी स्वतःच हिशेब करा.

14. बँकेने माझं खातं कुठल्यातरी कंपनीला विकलं. ती म्हणते, आमची मुदत आता सुरू झाली.

होत नाही. खरेदीदाराला बँकेकडे होतं तेवढंच मिळतं, चालू घड्याळासकट. बँकेचं विलीनीकरण झालं तरी तेच. त्या कंपनीकडे हस्तांतराच्या कागदाची प्रत मागा. ती मिळेपर्यंत पैशांचं बोलणं करू नका.

15. मुदत संपली असतानाही बँकेने माझ्या बचत खात्यातून पैसे वळते केले. हे कसं?

बचत खातं त्याच बँकेत होतं ना? तिथेच मेख आहे. कार्डाच्या अटींमध्ये बँकेला तुमच्या इतर खात्यांवर हक्क दिलेला असतो, आणि मुदत संपल्याने फक्त दावा लावायचा रस्ता बंद होतो, देणं बुडत नाही (प्रश्न 1). त्यामुळे हातात असलेल्या रकमेतून वळतं करून घ्यायला तीन वर्षांची अट आड येत नाही. पूर्वसूचना दिली होती का, रक्कम बरोबर आहे का, यावर तक्रार करता येते. व्यवहारातला सरळ उपाय म्हणजे पगार दुसऱ्या बँकेत घेणं.

16. वडिलांचं कार्ड थकलं होतं, ते वारले. बँक माझ्या मागे लागली आहे.

त्यांच्या मिळकतीतून तुमच्या वाट्याला जेवढं आलं तेवढ्यापुरतीच तुमची जबाबदारी. काहीच आलं नसेल तर काहीच नाही. घड्याळ वडील असतानाच सुरू झालं असेल तर त्यांच्या जाण्याने ते थांबत नाही. "आम्ही मुलं भरून टाकू" असं भावनेच्या भरात लिहून देऊ नका. मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठवा आणि थांबा. ॲड-ऑन कार्ड वापरत असाल तरी कार्डाच्या अटींनुसार जबाबदारी सहसा मूळ कार्डधारकाची असते, अटी पाहून घ्या.

17. मुदत संपली की सिबिलवरून नाव जातं का?

नाही, दोन्हींचा संबंध नाही. पतमाहिती कंपन्यांनी नोंदी किमान सात वर्षं ठेवायच्या असतात, त्यामुळे मुदतबाह्य थकबाकीही अहवालात दिसते. नोंद चुकीची असेल, म्हणजे भरूनही थकबाकी दिसत असेल किंवा कार्ड तुमचं नसेलच, तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तोच मागवा.

18. "420 लावू, संध्याकाळी पोलीस घेऊन येतो" असे फोन येतात. काय करू?

कार्डाचं बिल न भरणं हा दिवाणी मामला आहे. सुरुवातीपासून फसवण्याचाच इरादा होता असं दाखवता आलं तरच फसवणुकीचा गुन्हा होतो. आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा 420 हे कलमच आता जुनं झालं, पण वसुलीवाल्यांच्या तोंडून ते जाईल असं दिसत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमकी द्यायची नाही, शेजाऱ्यांत किंवा ऑफिसात बदनामी करायची नाही. मुदत संपलेली असो वा नसो, हे नियम लागू आहेत. फोन रेकॉर्ड करा, तारीख-वेळ लिहा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तक्रारीच्या मजकुरातही प्रश्न 5 ची काळजी घ्या.

19. पतसंस्थेच्या कर्जालाही हेच तीन वर्षांचं गणित का?

नाही, आणि ही गल्लत फार महाग पडते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 92 वेगळं आहे. सभासदाकडून येणं असलेल्या रकमेच्या वादाची मुदत तो वारल्यावर किंवा सभासद राहिला नाही तेव्हापासून मोजतात. म्हणजे सभासद असेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. शिवाय पतसंस्थेला दावा न लावता निबंधकांकडून "101 चा दाखला" घेऊन थेट वसुली करता येते. कार्डाचा अनुभव तिथे लावू नका.

20. मुदत संपली आहे, तरी मला मिटवून टाकायचं आहे. कसं करू?

चांगली गोष्ट आहे, आणि घरासाठी कर्ज हवं असणाऱ्यांना बरेचदा तेच करावं लागतं. फक्त क्रम बदलू नका. आधी बँकेचं पत्र, मग पैसे. पत्रात कार्डाचे शेवटचे चार अंक, पूर्ण व अंतिम रक्कम, तारीख आणि भरल्यानंतर काही बाकी राहणार नाही हे वाक्य हवं. ते बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं हवं. एजंटच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट चालणार नाही. रक्कम एकरकमी ठरवा. हप्ते बांधून घेतले आणि मध्येच चुकले तर प्रश्न 7 लागू होतो. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. नो ड्यूज पत्र घ्या. अहवालात "सेटल्ड" दिसेल, "क्लोज्ड" नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

21. वकिलाची फी परवडत नाही. कुठे जाऊ?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेखाली उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं तर 15100. जाताना समन्स किंवा नोटीस तिच्या पाकिटासकट न्या (पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का कामाला येतो), मिळतील तेवढी स्टेटमेंटं, शेवटच्या भरण्याची नोंद असलेलं बँक पासबुक, आणि परदेशात राहिला असाल तर पासपोर्ट.